हिरव्या कॉफीची कॅप्सूल : एजन्सी घेण्याआधी एवढे तपासा

गेल्या महिन्यात जुहरच्या नमाजनंतर माझा पुतण्या दुकानावर आला. हातात एक चकचकीत माहितीपत्रक होते. हिरव्या कॉफीच्या आणि आर्टिचोक नावाच्या कुठल्याशा विलायती भाजीच्या अर्काच्या कॅप्सूल, आणि त्यांची तालुक्यापुरती एजन्सी. तीन लाख अनामत, शिवाय पहिला माल रोखीने उचलायचा. तो म्हणाला, "चाचा, यंत्रमागात आता काही राहिले नाही. ही चीज चालेल का?"

मी त्याला पंधरा दिवस थांबायला सांगितले. कारण असे की, मागच्या वर्षी आमच्याच घरात याची चव चाखून झाली आहे. माझ्या भाभींना बारा वर्षांपासून शुगर आहे. ओळखीच्या एका दुकानदाराने त्यांना अशाच कॅप्सूल दिल्या आणि "महिन्याभरात गोळ्या सुटतील" असे सांगितले. भाभींनी कॅप्सूल सुरू केल्या आणि डॉक्टरांच्या गोळ्या आपण होऊनच बंद केल्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांना दवाखान्यात दाखल करावे लागले. अल्लाहच्या कृपेने त्या सावरल्या. तो दुकानदार बदमाश नव्हता. कंपनीच्या माणसाने जे सांगितले तेच त्याने पुढे सांगितले. आपण काय विकतो हे त्याला ठाऊक नव्हते, एवढाच त्याचा गुन्हा.

आपले कितीतरी तरुण आज कापड, यंत्रमाग, हातकाम सोडून अशा नव्या मालाकडे वळत आहेत. वळण्यात काही गैर नाही. परंतु माल समजून घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये, हा बाजाराचा जुना कायदा आहे. म्हणून त्या पंधरा दिवसांत जे वाचले, विचारले व तपासले ते येथे मांडतो.

पॉलिफिनॉल म्हणजे काय?

माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, "पॉलिफिनॉलची ताकद". शब्द नवा असला तरी ही वस्तू आपल्या कारागिरांच्या हाताखालून शेकडो वर्षे गेलेली आहे. छिपा-रंगरेज कापड रंगवण्याआधी ते हिरड्याच्या पाण्यात बुडवतात. हिरड्यातील तुरट द्रव्य, डाळिंबाच्या सालीतील तुरटपणा, पानावरचा कात, चहाचा कडसर तुरटपणा, हे सारे पॉलिफिनॉलच्या कुटुंबातील आहेत. झाडे-झुडपे कीड, बुरशी आणि उन्हापासून स्वतःला वाचवण्यासाठी ही द्रव्ये तयार करतात.

त्यांचा एक गुण रंगाऱ्याला पक्का माहीत आहे. हिरड्यात भिजवलेल्या कापडाला हिराकशीचे पाणी लागले की ते काळे पडते. म्हणजे हे द्रव्य लोहाला घट्ट धरते. हा गुण लक्षात ठेवा, पुढे पोटाच्या संदर्भात तो पुन्हा येणार आहे.

कॉफीतील मुख्य पॉलिफिनॉलला क्लोरोजेनिक आम्ल म्हणतात. नाव ऐकून कोणी घाबरू नये, त्यात क्लोरीन अजिबात नाही. हवेशी संयोग झाल्यावर ते हिरवट दिसते, म्हणून ग्रीक भाषेतील हिरव्या रंगाच्या शब्दावरून हे नाव पडले. हेच आम्ल आपल्या वांग्यात भरपूर असते. वांगे चिरून ठेवले की काळपट होते आणि आपल्या घरातील स्त्रिया ते मिठाच्या पाण्यात टाकतात, ते याच आम्लामुळे.

कॉफीचा दाणा

कॉफीशी आपले नाते जुने आहे. पंधराव्या शतकात यमनमधील सूफी रात्रीच्या इबादतीत जागे राहण्यासाठी ती पीत. तेथून ती मक्का, कैरो, इस्तंबूलला गेली. सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी यमनच्या मोखा बंदरातून सात दाणे आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावले अशी रिवायत आहे, आणि त्या डोंगराला आजही त्यांचेच नाव आहे. देशातील सर्वांत जास्त कॉफी आजही कर्नाटकातच पिकते.

न भाजलेला दाणा हिरवट असतो, म्हणून "हिरवी कॉफी". झाड वेगळे नाही. कच्च्या दाण्यात वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के क्लोरोजेनिक आम्ले असतात. रोबस्टा जातीत जास्त, अरेबिकात कमी. भाजताना त्यातील मोठा भाग जळतो, आणि जितके काळे भाजाल तितके कमी उरते. म्हणून पूरक आहारवाले कच्चा दाणा घेऊन त्याचा अर्क काढतात. तरीसुद्धा भाजलेल्या कॉफीच्या एका कपात, ती किती कडक आहे त्यानुसार, सुमारे ७० ते ३५० मि.ग्रॅ. क्लोरोजेनिक आम्ले येतात. हा आकडा पुढच्या हिशोबासाठी बाजूला ठेवा.

आर्टिचोक काय आहे?

ही भूमध्य समुद्राच्या काठची काटेरी भाजी आहे. इटली, स्पेन व इजिप्त हे तिचे मोठे उत्पादक. अरबीत तिला खरशूफ म्हणतात. याच अरबी शब्दापासून स्पेनमध्ये "अलकाचोफा" झाले आणि फिरत फिरत इंग्रजी नाव बनले. आपल्याकडे तिची शेती नगण्य आहे.

खाण्यासाठी तिच्या फुलाची न उमललेली कळी वापरतात. अर्क मात्र पानांचा काढतात, कारण कडवट द्रव्ये पानांत असतात. त्यांतही क्लोरोजेनिक आम्ल आहेच, आणि सायनारिन नावाचे त्याचे भावंड आहे. सायनारिनचा बराचसा भाग अर्क काढण्याच्या प्रक्रियेतच दुसऱ्या भावंडापासून तयार होतो. युरोपात ही पाने जेवणानंतरचा जडपणा, पोट फुगणे यासाठी परंपरेने वापरतात. युरोपीय औषध संस्थेनेही त्यांना एवढ्याच कामासाठी "पारंपरिक वापर" म्हणून मान्यता दिली आहे. शुगर बरी करणे त्यात नाही, वजन उतरवणे नाही.

टक्क्याचा हिशोब

आता मुद्द्यावर येऊ. आपण कापड घेताना नुसता रंग पाहत नाही. सुताचा काउंट विचारतो, एका इंचात ताणा किती व बाणा किती ते भिंगाने मोजतो. या धंद्यात काउंटच्या जागी टक्का आहे.

दोन डब्या समोर ठेवा. दोन्हींवर लिहिले आहे, "ग्रीन कॉफी ४०० मि.ग्रॅ.". पहिलीत अर्क आहे, ज्यात ५० टक्के क्लोरोजेनिक आम्ल आहे. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये २०० मि.ग्रॅ. दुसरीत कच्च्या कॉफीची नुसती दळलेली पूड आहे, ७ टक्क्यांची. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये २८ मि.ग्रॅ., एका साध्या कॉफीच्या कपापेक्षाही कमी. डबीच्या दर्शनी बाजूला दोन्ही सारख्याच. फरक मागच्या बारीक अक्षरांत आहे, किंवा तेथेही नाही.

टक्का लिहिला असेल तरी काम संपत नाही. तो मोजला कसा? दोन पद्धती चालतात. एक यू.व्ही. म्हणतात ती, स्वस्त. त्यात अर्काच्या पाण्यातून विशिष्ट प्रकाश सोडून तो किती शोषला जातो ते बघतात. पण तसाच प्रकाश शोषणारे दुसरे पदार्थही त्यात मोजले जातात आणि आकडा फुगतो. दुसरी एच.पी.एल.सी., महाग. त्यात प्रत्येक द्रव्य वेगळे काढून मोजतात. म्हणून एकच अर्क यू.व्ही.वर ५० टक्के आणि एच.पी.एल.सी.वर त्याहून बराच कमी भरू शकतो. दोघेही खोटे बोलत नाहीत, पण गज वेगळा आहे. आपल्याला माल एका गजाने विकला आणि ग्राहकाला दुसऱ्या गजाने सांगितला, तर तोटा कोणाचा?

आणखी एक साधी परीक्षा, जी प्रयोगशाळेशिवाय करता येते. कच्च्या दाण्यात ७ टक्के धरले तर एका किलोत ७० ग्रॅम क्लोरोजेनिक आम्ल झाले. ५० टक्क्यांचा एक किलो अर्क करायला ५०० ग्रॅम हवे. म्हणजे कणभरही वाया गेले नाही असे मानले तरी ७ किलोंच्या वर दाणा लागतो. प्रत्यक्षात अधिकच. त्यावर यंत्र, इंधन, मजुरी. आता कोणी तुम्हाला असा अर्क ७ किलो तुकडा-कॉफीच्या भावापेक्षाही स्वस्त देत असेल, तर समजावे की एक तर टक्का खोटा आहे, नाहीतर आम्ल कॉफीचे नाही. क्लोरोजेनिक आम्ल इतर स्वस्त वनस्पतींच्या पानांतूनही निघते. सुताच्या भावापेक्षा स्वस्त कापड मिळाले की आपण सावध होतो, तसेच येथे व्हावे.

सोळा माणसांची गोष्ट

माहितीपत्रकावर एक वाक्य होते : "अमेरिकेत सिद्ध झालेले." हे सिद्ध होणे काय होते ते प्रत्येक व्यापाऱ्याने वाचावे, कारण त्याचा धागा आपल्याच देशात येतो.

२०१२ च्या जानेवारीत एक अभ्यास छापून आला. तो भारतात, बंगळुरूत, केलेला होता. जादा वजनाची फक्त १६ माणसे, २२ आठवडे. निष्कर्ष असा की, हिरव्या कॉफीच्या अर्काने सरासरी ८ किलोच्या आसपास वजन उतरले. पैसा टेक्सासमधील अप्लाइड फूड सायन्सेस या अर्क विकणाऱ्या कंपनीचा होता. त्याच वर्षी डॉ. मेहमेट ओझ यांच्या टीव्ही कार्यक्रमात हिरव्या कॉफीची तारीफ झाली आणि अमेरिकेत तिच्यावर लोकांच्या उड्या पडल्या.

मग अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने चौकशी केली. आयोगाचे म्हणणे असे पडले की, अभ्यास करणाऱ्याने लोकांची वजने वारंवार बदलली, अभ्यासाचा काळ बदलला, आणि कोणाला खरी गोळी व कोणाला खोटी हेही चुकीचे लिहिले. आपल्या भाषेत सांगायचे तर वहीत खाडाखोड. जून २०१४ मध्ये डॉ. ओझ यांना सिनेटच्या समितीपुढे जाब द्यावा लागला. सप्टेंबर २०१४ मध्ये कंपनीने ३५ लाख डॉलर भरण्याचे कबूल केले. ऑक्टोबर २०१४ मध्ये तो अभ्यास मागे घेण्यात आला. त्या अर्काच्या जोरावर किरकोळ माल विकणाऱ्या इतरांवरही खटले झाले.

यात सांगण्यासारखी गोष्ट एवढीच की, मागे घेतलेल्या त्या अभ्यासाचे आकडे आजही माहितीपत्रकांवर छापले जात आहेत. माझ्या पुतण्याच्या हातातील कागदावरही तेच १६ जण होते.

मग खरे किती?

सारेच खोटे आहे असेही म्हणू नये. ती दुसऱ्या टोकाची चूक होईल. जपानमध्ये २००५ मध्ये किंचित वाढलेला रक्तदाब असलेल्या ११७ पुरुषांना २८ दिवस कच्च्या कॉफीचा अर्क दिला गेला. वरचा दाब सर्वांत मोठ्या मात्रेलाही पाच-सहा अंकांनी उतरला, आणि खोटी गोळी घेणाऱ्यांचाही एकाच्या वर अंकाने उतरला होता. म्हणजे परिणाम आहे, पण लहान आहे. औषधाची जागा घेणारा नाही.

आर्टिचोकचेही तसेच. जर्मनीतील २००० सालच्या अभ्यासात १४३ जणांना ६ आठवडे रोज १८०० मि.ग्रॅ. अर्क दिला. कोलेस्टेरॉल १८.५ टक्क्यांनी कमी झाले. विक्रेते हा आकडा सांगतात. खोटी गोळी घेणाऱ्यांचेही ८.६ टक्क्यांनी कमी झाले होते, हे सांगत नाहीत. २००८ मध्ये इंग्लंडमध्ये ७५ जणांवर १२ आठवडे प्रयोग झाला, त्यात घट ४.२ टक्के निघाली. पुढे २०१३ मध्ये कॉक्रेन नावाच्या तटस्थ संस्थेने तोवरचे चांगले अभ्यास एकत्र तपासले. तीनच सापडले, मिळून २६२ माणसे. त्यांचा निर्वाळा : आशा दिसते, पण पुरावा खात्री पटण्याजोगा नाही.

कोणी जपावे?

आता हिरडा आणि हिराकस आठवा. पॉलिफिनॉल कापडावर लोहाला धरते, तसे ते पोटातही अन्नातील लोहाला धरते आणि रक्तात जाऊ देत नाही. १९८३ मध्ये छापलेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात जेवणाबरोबर कॉफी घेतल्याने लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी घटले, चहाने ६४ टक्क्यांनी. आपल्या घरांतील स्त्रियांत रक्त कमी असण्याची तक्रार किती आहे ते सांगायला नको. अशा स्त्रीला जेवणाबरोबर ही कॅप्सूल देणे म्हणजे एका हाताने लोहाची गोळी देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे होय.

शुगर व रक्तदाबाची औषधे चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीही नाही. पित्ताशयात खडे असतील किंवा पित्ताची वाट बंद असेल त्यांना आर्टिचोक वर्ज्य आहे, कारण ते पित्ताचा प्रवाह वाढवते. ज्यांना शेवंती-झेंडूच्या जातीच्या फुलांची ॲलर्जी आहे त्यांनाही ते बाधू शकते. कॉफीच्या अर्कातून कॅफीन काढले नसेल तर झोप उडते, छातीत धडधडते. "जास्त घेतले तर जास्त फायदा" असेही नाही. २००१ मध्ये हॉलंडमध्ये २० जणांना आठवडाभर रोज २ ग्रॅम क्लोरोजेनिक आम्ल दिले, तेव्हा रक्तातील होमोसिस्टीन नावाचे द्रव्य वाढले. ते वाढणे हृदयासाठी चांगले लक्षण मानत नाहीत.

कायदा काय म्हणतो?

असा माल आपल्या देशात औषध नव्हे, अन्न म्हणून विकला जातो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे पूरक आहाराचे नियम २०१६ मध्ये आले. डबीवर १४ अंकी परवाना क्रमांक, "हेल्थ सप्लिमेंट" हे शब्द, "औषधी वापरासाठी नाही" ही सूचना, घटकांचे प्रमाण आणि रोजची मात्रा असलीच पाहिजे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. शिवाय १९५४ चा जादुई उपचारविरोधी कायदा आहे. मधुमेह, लठ्ठपणा, रक्तदाब अशा ठरावीक आजारांवर इलाजाची जाहिरात तो मना करतो, आणि त्यात कैदही आहे.

कंपनी दूर शहरात असते. आपल्या दुकानाच्या पाटीवर "शुगर मुळापासून गायब" असे आपण लिहिले, तर इन्स्पेक्टर प्रथम आपल्याच दारात येईल. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूरही जाहिरातच आहे, हे तरुणांनी विसरू नये.

कॅप्सूलचे कवच

आपल्या वाचकांसाठी हा प्रश्न लहान नाही. अर्क वनस्पतीचा असला तरी कवच जिलेटिनचे असू शकते. जिलेटिन गाईचे, डुकराचे किंवा माशाचे असते, आणि डबीवर पुष्कळदा नुसते "जिलेटिन" असते. दुसरे कवच वनस्पतीज, ज्याला एच.पी.एम.सी. म्हणतात. ते लाकडाच्या लगद्यापासून किंवा सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंपासून, म्हणजे आपल्याच कापसाच्या लिंटरपासून बनते. डबीवरील हिरवी व तपकिरी खूण पाहावी आणि कवच कशाचे ते लेखी मागावे. अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये हेही विचारावे. अल्कोहोल उडवून टाकलेल्या अर्काचा मसला आपल्या विश्वासातील आलिमांना विचारावा, तो ठरवणे माझे काम नाही.

कंपनीला विचारायचे सहा प्रश्न

१. अर्क आहे की दळलेली पूड? एका कॅप्सूलमध्ये क्लोरोजेनिक आम्ल किती मि.ग्रॅ.?

२. टक्का यू.व्ही.चा की एच.पी.एल.सी.चा? त्याच बॅचचा तपासणी दाखला मिळेल का?

३. शिसे-पाऱ्यासारखे जड धातू, कीटकनाशके व बुरशीची तपासणी झाली आहे का? प्रयोगशाळा एन.ए.बी.एल. मान्यताप्राप्त आहे का?

४. कॅफीन किती शिल्लक आहे?

५. कवच कशाचे? अर्क कशात काढला?

६. न खपलेला, मुदत जवळ आलेला माल परत घेणार का? अनामत कोणत्या अटीवर परत मिळेल? सारे करारात लिहून देणार का?

सहावा प्रश्न शेवटी लिहिला, पण गरीब दुकानदार बुडतो तो त्यावरच. कापडाचा गठ्ठा दोन वर्षे पडला तरी सेलमध्ये निघतो. कॅप्सूलची मुदत संपली की ती कचरा आहे.

पुतण्याने हे सहा प्रश्न कंपनीला लिहून पाठवले. दोनदा फोन आला, "साहेब, माल हातोहात जातो, कागद कशाला?" तपासणी दाखला आला तो यू.व्ही.चा, आणि बॅच क्रमांक कोरा. माल परत घेण्याची अट त्यांनी मान्य केली नाही. त्याने अनामत भरली नाही. आता तो दुसऱ्या एका उत्पादकाशी बोलतो आहे, ज्याने एच.पी.एल.सी.चा दाखला स्वतःहून दिला आणि ज्याच्या डबीवर कोणत्याही आजाराचे नाव नाही. नफा कमी आहे. जमेल की नाही ते अल्लाहला माहीत. परंतु तो ग्राहकाला सांगू शकेल की हे जेवणाला जोड आहे, दवा नाही, आणि तुमच्या डॉक्टरांच्या गोळ्या सोडू नका.

मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. वर कोरडे, आत ओले. ओला भाग वर ठेवा म्हणजे लोकांना दिसेल, अशी ताकीद त्यांनी विक्रेत्याला दिली. पॉलिफिनॉलच्या व्यापाऱ्यालाही याहून वेगळा नियम नाही. मागच्या बारीक अक्षरांतला टक्का पुढे आणावा, कोणी घेऊ नये ते आधी सांगावे, आणि मग दाम घ्यावे. आमच्या भाभींना त्या दिवशी कोणी एवढे सांगितले असते, तर दवाखान्याची वेळ आली नसती.